घर कोणत्या पावसात बांधायचं?

वाई सोडली की पसरणीचा घाट लागतो. बारा-तेरा किलोमीटरवर पाचगणी, आणि तिथून पठारावरून आणखी अठरा-वीस किलोमीटर गेलं की महाबळेश्वर. गाडीने तासाभराचा रस्ता. पण वाईत वर्षाला सात-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो, पाचगणीत दोन हजारांच्या आत-बाहेर, आणि महाबळेश्वरात साडेपाच ते सहा हजार. अरबी समुद्रावरून आलेले ढग पश्चिमेच्या कड्याला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिते होतात. पूर्वेकडे जे उतरतात त्यांच्यात फारसं काही उरलेलं नसतं. इगतपुरीपासून आंबोलीपर्यंत सह्याद्रीचा सगळा घाटमाथा याच नियमाने भिजतो.

पुण्या-मुंबईचं घर सोडून सह्याद्रीत कायमचं राहायला जावं असं म्हणणारी माणसं आता पुष्कळ भेटतात. घरून काम करायची सोय झाल्यापासून हा विचार नुसता गप्पांपुरता राहिलेला नाही. त्यांच्या बोलण्यात जागेचा भाव असतो, समोरचं दृश्य असतं, पुण्यापासूनचं अंतर असतं. पावसाचा आकडा बहुधा नसतो. म्हणून हा संवाद लिहिला. यातली मामा आणि भाची ही दोघं मी उभी केलेली पात्रं आहेत. मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन वाईत स्थायिक झालेले. भाची पुण्याची, संगणकावर काम करणारी, तिची मुलगी तिसरीत. त्यांचे मुद्दे मात्र मी साताऱ्याच्या या भागात वेगवेगळ्या तोंडून ऐकलेले आहेत, आणि त्यातले बरेचसे मला छळतात.

भाची : मामा, जागा बघून आले. महाबळेश्वरहून तापोळ्याकडे उतरताना, डोंगराच्या एका सोंडेवर. समोर कोयनेच्या शिवसागराचं पाणी, पलीकडे कांदाटीचं जंगल. सूर्य मावळताना तिथून हलवेना.

मामा : कधी गेला होतात?

भाची : डिसेंबरात.

मामा : डिसेंबरात सह्याद्रीत वाईट जागा सापडायचीच नाही. हवा कोरडी, आकाश धुतलेलं, झऱ्यांना पाणी, रस्ता नुकताच डागडुजी केलेला. जुलैत जा. मग मे महिन्यात जा. त्या दोन्ही वेळी जागा आवडली तर मला सांग.

भाची : पाऊस मला आवडतो. पावसासाठीच तर जायचंय.

मामा : पुण्याचा पाऊस आवडतो तुला. इथला वेगळा. जूनच्या मध्यावर ढग खाली येतो तो घरात शिरतो. आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. कपडे शेगडीवर वाळवायचे, मिठाचं पाणी होतं, चपलांना बुरशी, पुस्तकांना बुरशी, तुझ्या त्या संगणकाचीही धडगत नाही. पावसाच्या बाजूची भिंत लोक गवताने शाकारतात, एवढा मारा असतो. अगं, ज्यांनी महाबळेश्वर वसवलं तेसुद्धा पावसाळ्यात तिथे राहत नव्हते. मुंबईचा गव्हर्नर उन्हाळा महाबळेश्वरात काढायचा आणि पाऊस आला की पुण्याला उतरायचा. वर्षभर राहता येईल अशी थंड जागा हवी म्हणून मग पाचगणी शोधली. चेसन नावाचा साहेब होता, त्याने दांडेघर, गोडवली, अमराळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधली जागा निवडली. तू आज जो प्रश्न विचारतेयस, त्याचं उत्तर या डोंगरावर दीडशे वर्षांपूर्वी देऊन झालंय.

भाची : साहेबांनी दिलं, मामा. साहेब उतरले तेव्हा धनगर उतरले का? कोळी उतरले? लोखंड गाळणारे धावड कुठे गेले? कुणबी नाचणी लावत होते ना त्याच पावसात? माणसं तिथे शेकडो वर्षं बाराही महिने राहिली आहेत. तुम्ही इतिहास सांगताना फक्त बंगल्यातल्यांचा सांगता.

भाचीचं हे बोलणं मला पटतं. थंड हवेच्या ठिकाणांबद्दल आपण मराठीत लिहितो तेव्हा ती ठिकाणं गव्हर्नर माल्कम साहेबापासून सुरू होतात, जणू त्याआधी तिथे फक्त धुकं होतं. क्षेत्र महाबळेश्वरचं देऊळ, कृष्णेचा उगम, जावळीचं खोरं, हे सगळं त्याच्या कितीतरी आधीचं. पण पुढे मामा जे विचारतात त्याला बगल देता येत नाही.

मामा : राहिली, खरंय. कुठे राहिली ते बघ. एक तरी जुनी वस्ती तू बघितलेल्या सोंडेच्या टोकावर दाखव. धनगरवाडा पठारावर असतो, पण वाऱ्याच्या आडोशाला. कुणब्यांची गावं बहुतेक एखाद्या बाकावर, जिथे उतार जरा दम खातो तिथे, आणि पाण्याजवळ. दृश्य बघायला कोणी घर बांधलं नाही. डोंगराच्या माथ्यावर जांभ्याचा थर आहे आणि त्याखाली काळा पाषाण. जांभा सच्छिद्र, तो पाणी पितो. खालचा थर ते पुढे जाऊ देत नाही. मग जिथे जांभ्याची कड संपते तिथे पाणी बाहेर येतं, तो झरा. गाव त्या झऱ्याच्या हिशेबाने बसलेलं असतं. तुझ्या सोंडेला दोन्ही बाजूंनी उतार, वर पाणी धरून ठेवेल असं काही नाही. पडलं की गेलं. निम्मं कोयनेला, निम्मं सोळशीला.

भाची : बोअर मारू की. जागेचा मालक म्हणाला, तीनशे फुटांवर पाणी आहे.

मामा : जो विकतोय तो असंच म्हणणार. सह्याद्रीचा खडक म्हणजे लाव्ह्याचे थरावर थर. पाणी असतं ते दोन थरांच्या मधल्या सांध्यात किंवा भेगेत. भेग लागली तर लागली. शेजारच्याला लागली म्हणून तुला लागेल असं नाही. आणि सोंडेवर वरून मुरणारं क्षेत्रच एवढंसं की लागलेलं पाणीही मार्चपर्यंत टिकलं तर नशीब. या घाटमाथ्यावरच्या वाड्यांमध्ये पावसाळ्यात पाच-पाच हजार मिलिमीटर कोसळतो आणि मे महिन्यात बाया हंडे घेऊन झऱ्याशी रांगेत बसलेल्या असतात. मी स्वतः बघितलंय. वाटी वाटीने पाणी भरतात.

भाची : म्हणून तर मी छपराचं पाणी साठवायचं ठरवलंय. हिशेब ऐका. हजार चौरस फुटांचं छप्पर, पाच हजार मिलिमीटर पाऊस. साडेचार लाख लिटरच्या वर पाणी एकट्या छपरावर पडतं. आम्ही तिघं, माणशी शंभर लिटर धरले तर दिवसाला तीनशे. पावसाळ्याबाहेरचे आठ महिने, म्हणजे दोनशे चाळीस दिवस, बहात्तर हजार लिटर. पंच्याहत्तर हजारांची टाकी बांधली की ना झरा हवा ना बोअर ना टँकर. गावाच्या पाण्याला मी हातही लावणार नाही.

मामा : हा हिशेब बरोबर आहे. शाबास. माझ्या खात्यातही एवढं सरळ गणित कमी लोकांनी मांडलं असतं.

भाची : मग?

मामा : मग असं, की पंच्याहत्तर हजार लिटर म्हणजे पंच्याहत्तर टन. ते वजन तू उतारावर ठेवणार. जमिनीवर ठेवलंस तर पाया कातळापर्यंत न्यावा लागेल, जमिनीखाली ठेवलंस तर त्यासाठी उतार कापावा लागेल. आणि टाकी गळली तर? शहरात टाकी गळली तर बिल वाढतं. इथे गळली तर पाणी उताराच्या पोटात मुरत राहतं, तुझ्या नकळत. तुझा शोषखड्डाही त्याच उतारात. त्याच्या खाली कोण राहतं, विचारलंस?

भाची : खाली एक वाडी आहे. पाच-सहा घरं.

मामा : त्यांचा झरा कुठे आहे?

भाची : ते नाही विचारलं.

माझ्या मते या संवादातला सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच आहे, आणि जागा बघायला जाणारा तो जवळजवळ कधीच विचारत नाही. डोंगरात शेजार आडवा नसतो, उभा असतो. वरच्याचं सांडपाणी खालच्याच्या पाणवठ्यात येतं. वरच्याने रस्त्यासाठी जेसीबीने कापलेली माती खालच्याच्या खाचरात येते. पुण्यात प्लॉटच्या चार सीमा बघून काम भागतं. घाटात वरचा डोंगर आणि खालची वाडी धरून जागा बघावी लागते. ज्या जागेकडे जाणारा रस्ता दोन वर्षांपूर्वी उतार कापून केला आहे, कापलेल्या भिंतीला ना दगडी बांध ना पाणी काढून द्यायला गटार, ती जागा स्वस्त मिळत असली तरी तिची किंमत खाली राहणारा कोणीतरी देत असतो.

भाची : दरडीचं म्हणत असाल तर तो धोका सगळीकडेच आहे, मामा. तुम्ही म्हणता जुनी गावं शहाणपणाने बसवली. माळीण जुनंच गाव होतं ना? 30 जुलै 2014ला सकाळी डोंगर आला आणि दीडशेच्या वर माणसं गेली. महाड तालुक्यातलं तळीये? 22 जुलै 2021, ऐंशीहून जास्त. त्याच दिवसांत आपल्याच जिल्ह्यात, पाटणला, आंबेघर आणि मीरगाव. दोन वर्षांनी इर्शाळवाडी, तीही रात्री, माणसं झोपेत असताना. यातलं एकही पुण्याहून आलेल्या माणसाने वसवलेलं नव्हतं. पिढ्यानपिढ्या राहत होती माणसं.

मामा : याला माझ्याकडे उत्तर नाही.

भाची : म्हणजे तुमचा झरा, तुमचा बाक, तुमचं जुनं गावठाण, कशाचाच भरवसा नाही.

मामा : पूर्वी जेवढा होता तेवढा नाही, एवढंच म्हणतो. ती गावं त्यांच्या आज्या-पणज्यांनी बघितलेल्या पावसाच्या हिशेबाने बसली होती. जुलै 2021मध्ये महाबळेश्वरात चोवीस तासांत जवळपास सहाशे मिलिमीटर पडला. आमच्या वाईच्या वर्षभराच्या पावसातला बहुतेक वाटा एका दिवसात. असा पाऊस मातीत मुरायलाही थांबत नाही. आधीच भिजून जड झालेली माती खालच्या कातळावरून सुटते. आणि इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीतही नव्हती, तेव्हा सरकारी यादीत नाव नाही म्हणून निर्धास्त राहायची सोय गेली. पण पोरी, जुन्या गावाला धोका आहे याचा अर्थ सोंडेच्या टोकाला कमी आहे असा होत नाही. तुला डोळे उघडे ठेवून बघावंच लागेल.

भाची : काय बघू? मी भूगर्भशास्त्रज्ञ नाही.

मामा : नसलीस तरी दिसतं. उतारावरची झाडं एका बाजूला झुकलीत का, लाईटचे खांब झुकलेत का. शेतात मोठाले धोंडे मध्येच पडलेत, त्यांच्यावर शेवाळ आहे, तर ते वरून आलेत. एकदा आलेत ते पुन्हा येतील. घराच्या बरोबर वर ओघळ उतरतो का. पावसाळ्यात पाणी कुठून वाहतं ते कोरड्या दिवसांतही गाळाच्या खुणांवरून कळतं. वरच्या पठाराला भेगा आहेत का, हे गुराख्याला विचार, त्याला ठाऊक असतं. राहायला गेल्यावर झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ आलं किंवा नसलेल्या जागी पाणी फुटलं, तर सामानाचा विचार न करता निघायचं. आणि एवढं बघूनही भूगर्भ जाणणारा माणूस एकदा पैसे देऊन घेऊन जा. वास्तुविशारदाला देतेस त्याच्या मानाने ते काहीच नाहीत.

भाची : आणि वाईत सगळं सुरक्षित?

मामा : मी असं म्हटलंच नाही.

भाची : कृष्णेला पूर आला की ढोल्या गणपतीच्या देवळात पाणी शिरतं. उन्हाळ्यात चाळिशीकडे पारा जातो. शनिवार-रविवारी पसरणीच्या घाटापर्यंत गाड्यांची रांग. मी पुणं सोडून छोट्या पुण्यात का येऊ?

मामा : ढोल्या गणपतीचं काढलंस ते बरं झालं. रास्त्यांनी ते देऊळ बांधलं तेव्हा मागची बाजू माशाच्या आकाराची केली, पुराचं पाणी दुभंगून दोन्हीकडून जावं म्हणून. पाणी येणारच हे धरून बांधलं. अडीचशे वर्षं उभं आहे. मला तुझ्याकडून एवढंच हवंय. जिथे जाशील तिथे काय येणार आहे ते आधी माहीत करून घे आणि ते धरून बांध.

इथे थोडं थांबून कागदपत्रांचं सांगतो, कारण त्यावर लोक फार वेळ घालवतात आणि तरी चुकतात. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायला शेतकरी खातेदार असावं लागतं. सातबारावर जमीन भोगवटादार वर्ग 2ची असेल तर परवानगीशिवाय विकता येत नाही. इतर हक्कात कुळाचं किंवा कोणाच्या वहिवाटीचं नाव आहे का हे वाचावं, आणि जागेपर्यंतची वाट नकाशावर आहे की नुसती पायाखालची, हे बघावं. महाबळेश्वर-पाचगणी परिसर 2001 सालापासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित आहे, तिथे बांधकामाला आणि झाडतोडीला वेगळे नियम लागतात. कास पठार 2012 सालापासून जागतिक वारशात आहे. या नियमांकडे अडचण म्हणून बघणाऱ्याने डोंगरात येऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. बाकी काम वकिलाचं.

भाची आता दुसऱ्या बाजूने येते, आणि मला तिची ही बाजू जास्त महत्त्वाची वाटते.

भाची : तुम्ही सगळं निसर्गाचं बोललात. माणसांचं बोला. मी त्या खालच्या वाडीत गेले होते. चार घरांना कुलपं. दोन घरांत म्हातारी माणसं. मुलं मुंबईला, माथाडीत, कोणी टॅक्सीवर. शाळेत पोरं नाहीत. कोयनेच्या पाण्यामागे तर गावंच्या गावं अशी. मग कोणीतरी वर जायला हवं ना? सगळ्यांनीच खाली राहायचं ठरवलं तर डोंगर रिकामा होईल, आणि रिकामा डोंगर हॉटेलवाल्यांचा.

मामा : तुझ्या येण्याने तो भरेल?

भाची : एका घराने भरेल. माझी मुलगी तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जाईल.

मामा : हे तू मनापासून बोलतेस का? नीट विचार करून सांग. पाचगणीत शंभर-सव्वाशे वर्षांच्या निवासी शाळा आहेत. महाबळेश्वरला इंग्रजी शाळा आहेत. पहिली-दुसरीला पोरगी वाडीतल्या शाळेत, आणि पाचवीला गाडीने वीस किलोमीटर, असं सगळे करतात. मग तुझा बंगला वाडीत, पण तुझं घर वाडीत नसतं. किराणा वाईहून, शाळा पाचगणीला, डॉक्टर साताऱ्याला, मित्र पुण्याला. तुझा वाडीशी संबंध काय? पहारेकऱ्याला पगार आणि धुण्याभांड्याला बाई. त्या म्हातारीला रात्री दुखायला लागलं तर तुझी गाडी ती मागू शकेल का? मागू शकली तरच तू त्या गावची.

भाची : मागू शकेल असं मी वागेन.

मामा : तुझ्यावर माझा विश्वास आहे. पण त्यासाठी तुला गावात राहावं लागेल. गावापासून दीड किलोमीटर लांब, फाटक लावून, सोंडेच्या टोकावर नाही.

भाची गप्प बसते. इतका वेळ ती डोंगरासाठी भांडत होती. मामांनी तिला दाखवलं की तिने निवडलेली जागा डोंगरातल्या माणसांकडे पाठ करून आहे.

पण मामांचंही सगळंच मान्य करायला मी तयार नाही. या भागातून मुंबईला गेलेल्यांचा इतिहास मोठा आहे. जावळी आणि पाटणच्या माणसांनी मुंबईच्या गोद्या आणि बाजारपेठा खांद्यावर वाहिल्या. माथाडी कामगारांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटीलही पाटण तालुक्यातलेच. कोयनेच्या धरणाने कितीतरी गावं उठवली, 11 डिसेंबर 1967च्या भूकंपाने उरलेल्यांची घरं पाडली. त्या माणसांना वर राहण्याची निवड मिळाली नाही. आज पैसे बाळगणारा माणूस वर जायला निघतो तेव्हा त्याने निदान एवढं जाणून जावं की आपण रिकाम्या जागेत जात नसून रिकाम्या केल्या गेलेल्या जागेत जातोय. वाडीला शिक्षित, कामावरचा, कर भरणारा, ग्रामसभेला बसणारा एक नवा रहिवासी मिळणं ही छोटी गोष्ट नाही. रस्त्यासाठी, पाण्याच्या योजनेसाठी, आरोग्यसेविकेसाठी कोणीतरी तालुक्याला जाऊन अर्ज लिहावा लागतो. भाचीसारखी बाई ते करू शकते. मामा आपल्या सगळ्या शहाणपणानिशी वाईत बसून ते करणार नाहीत.

मामा : दवाखान्याचं काय ठरवलंस? माझ्या हृदयात स्टेंट आहे, म्हणून विचारतो. माझा त्रास सुरू झाला तेव्हा दवाखाना दहा मिनिटांवर होता.

भाची : लहान गावात चांगला डॉक्टर नसतोच असं नाही. विंचूदंशावरचं डॉ. हिंमतराव बावसकरांचं काम जगाने मानलं, ते महाडला बसून केलं त्यांनी.

मामा : महाड घाटाखाली आहे. आंबेनळी घाट पावसाळ्यात कितीदा बंद पडतो, विचार कोणालाही. तापोळ्याच्या रस्त्याने रात्री धुक्यात महाबळेश्वर गाठायचं, तिथून साताऱ्याला केळघर घाट नाहीतर पसरणी. तरुण आहात, जमेल. तुझी सासू येणार आहे ना राहायला?

भाची : हो.

मामा : मग तिचाही विचार कर.

यावर जास्त बोलण्यासारखं नाही. घरात साठीच्या वरचं माणूस असेल तर बारा महिने उघडा राहणारा रस्ता ही पहिली अट, आणि बाकी सगळं तिच्यानंतर.

भाची : बरं. सोंड सोडली. मग तुम्हीच सांगा, कुठे?

मामा : वाईत ये. मेणवलीकडे जागा मिळेल. नाना फडणीसांचा वाडा, घाट, नदी. मराठी विश्वकोशाचं काम वाईतच झालं. ग्रंथालय आहे, माणसं आहेत, नाटकं होतात. तुला डोंगर हवा तेव्हा अर्ध्या तासात पाचगणी.

भाची : अर्ध्या तासात डोंगर मला पुण्यातही होता, मामा. सिंहगड होता. डोंगर बघायला जायचं नाही मला. सकाळी दार उघडलं की थंड ओली हवा अंगावर आली पाहिजे. माझी मुलगी गव्याचा माग ओळखायला शिकली पाहिजे. तुम्ही सोयी सांगता त्या सगळ्या खऱ्या, पण सोयींसाठी मी पुणं सोडत नाहीये.

मामा : मग मधल्या पट्ट्यात बघ. पाचगणी ते महाबळेश्वर, भिलार, मेटगुताड, तिथली गावं. भिलारची माणसं बाराही महिने गावात असतात, कारण स्ट्रॉबेरीने त्यांना घरी ठेवलंय. 2017पासून ते पुस्तकांचं गाव आहे, घरोघरी पुस्तकं ठेवलीत. रस्ता पठारावरून, घाट एकच, तोही बहुधा उघडा. पाऊस आहे, पण सोसवेल एवढा. थंडी आहे.

भाची : आणि सुट्टीच्या दिवशी गाड्यांचा धूर आहे. दर दोनशे फुटांवर रिसॉर्ट. जागेचे भाव पुण्यासारखे. आणि आता तर घाटमाथ्यावर नवीन महाबळेश्वरची योजना आहे, शेकडो गावं त्यात. आज शांत असलेलं गाव दहा वर्षांनी कसं असेल कोणी सांगावं?

मामा : कोणी नाही. म्हणून तर विकत घेऊ नकोस.

भाची : म्हणजे?

मामा : भाड्याने घे. भिलारला नाहीतर तुझ्या त्या वाडीच्या वरच्या गावात. कोणाचं तरी कुलूपबंद घर असेल, मालक मुंबईला असेल, त्याला घर हलतंचालतं राहिलेलं हवंच असतं. डोंगरातलं घर बंद राहिलं तर दोन पावसाळ्यांत वासे कुजतात. जूनमध्ये जा आणि पुढच्या जूनपर्यंत राहा. मधे पुण्याला पळायचं नाही. गणपतीत गाव बघून भुलू नकोस, तेव्हा मुंबईचे सगळे आलेले असतात, आरतीला जागा पुरत नाही. गौरी-गणपती गेले की मागे किती चुली पेटतात ते मोज. पाणवठ्यावर मे महिन्यात तू स्वतः जा. मुलीला शाळेत घाल. ग्रामसभेला बस.

भाची : आणि वर्षाने मी सोंडेवरच जाते म्हणाले तर?

मामा : तर मी पाया खणायला येईन. पण खालच्या वाडीतली माणसं हो म्हणाली तरच.

भाचीने अखेर वाडीच्या वरच्या गावात घर भाड्याने घेतलं असं मी ठरवलं आहे. भिलार तिला गर्दीचं वाटलं. मामांना ते आवडलं नाही. तापोळ्याचा रस्ता आणि तिची सासू, दोन्ही त्यांच्या मनात आहेत, आणि त्यांची काळजी रास्त आहे. तिला मी मुद्दाम भिलारला पाठवलं नाही. वाचणाऱ्यांपैकी अनेकांचं मन तिच्यासारखंच वरच जाणार आहे, आणि अशा माणसाला खाली ओढत बसण्यापेक्षा त्याने वर जाताना काय करावं हे सांगणं मला जास्त गरजेचं वाटतं.

सह्याद्रीत घर करायचं ठरवलेल्या वाचकांना माझी विनंती आहे. इसार देण्याआधी त्या गावात जून ते मे असं एक पूर्ण वर्ष भाड्याच्या घरात काढा. जागेच्या वरचा डोंगर चालून बघा, खालच्या वाडीत जाऊन झरा कुठे आहे ते विचारा, आणि त्या वाडीतल्या माणसांना तुमचा नकाशा दाखवा. त्यांनी एखाद्या ओघळाकडे बोट दाखवलं, तर तिथे बांधू नका.